निष्ठा कुणाशी?

मराठी बोलण्यात ‘हायफाय’ हा शब्द चांगलाच रुळला आहे आणि रुळता रुळता आपल्या मूळ अर्थापासून पुष्कळ दूर गेला आहे. हायफाय हॉटेल, हायफाय शाळा, हायफाय लोक. या साऱ्या प्रयोगांत श्रीमंतीचा झगमगाट आहे आणि बोलणाऱ्याच्या आवाजात त्याबद्दलची किंचित टिंगलही आहे. मूळ संज्ञेत मात्र झगमगाटाला जागा नाही. ‘फिडेलिटी’ म्हणजे निष्ठा, इमान. मुद्रित झालेल्या आवाजाशी यंत्राने राखलेले उच्च प्रतीचे इमान ते ‘हाय फिडेलिटी’. हा अर्थ ध्यानात घेतला, की घरात गाणे ऐकण्यासाठी यंत्रांचा संच जुळवणे हा निव्वळ खरेदीचा मामला राहत नाही. निष्ठा म्हटली, की ती कुणाशी, हा प्रश्न आलाच.

संचाची रचना तशी साधी असते. एका टोकाला मुद्रित नाद वाचणारे यंत्र असते: रेकॉर्ड प्लेअर, सी.डी. प्लेअर किंवा आजच्या काळात इंटरनेटवरून गाणे ओढून घेणारा संगणक वा फोन. मध्ये अ‍ॅम्प्लिफायर असतो. दुसऱ्या टोकाला स्पीकर. पगारदाराच्या खिशाला मर्यादा असते, त्यामुळे तिन्ही गोष्टी सारख्याच उत्तम घेणे जमत नाही. कुठल्या तरी एकीवर भर द्यायचा आणि उरलेल्या दोन तिच्या कलाने निवडायच्या, हाच व्यवहार. ती एक कोणती, यावर गेली कित्येक दशके जगभरच्या शौकिनांत वाद चालू आहे, आणि त्या वादातला आवेश आपल्याकडच्या गायनातील घराण्यांच्या वादाची आठवण करून देणारा आहे.

पहिले घराणे ‘उगम आधी’ म्हणणाऱ्यांचे. १९७३ साली स्कॉटलंडमधील ग्लासगो येथे आयव्हर टीफेनब्रन यांनी लिन ही कंपनी काढली. ‘सोंडेक एल.पी. १२’ हा तिचा रेकॉर्ड प्लेअर. रेकॉर्ड प्लेअरचे काम तबकडी ठरलेल्या गतीने फिरवण्याचे, आवाजाचा बरावाईटपणा ठरतो तो पुढे, असे तेव्हा सर्रास समजले जाई. टीफेनब्रन यांनी हा क्रम उलटा केला. तबकडीच्या खाचेतून सुईने जे उचललेच नाही, ते पुढचा कितीही महागडा अ‍ॅम्प्लिफायर वा स्पीकर निर्माण करू शकत नाही. सबब पैसा आधी उगमावर खर्चावा, असे त्यांचे म्हणणे. मराठीच्या विद्यार्थ्याला हा युक्तिवाद चटकन पटतो, कारण पाठचिकित्सेचे सारे शास्त्र याच पायावर उभे आहे. नकलाकाराने एखादी ओवी गाळली, की त्या प्रतीवरून उतरलेल्या साऱ्या प्रतींत ती गळालेलीच राहते. पुढच्या लेखकाचे अक्षर कितीही वळणदार असो. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती हाच बिघाड दूर करण्यासाठी.

दुसरे घराणे स्पीकरवाल्यांचे. १९५४ साली एडगर व्हिलचर यांनी अमेरिकेतील केंब्रिज येथे अकूस्टिक रिसर्च ही कंपनी स्थापन केली आणि हवाबंद पेटीतल्या हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. पुढे त्यांच्या ए.आर.-३ या स्पीकरची जाहीर प्रात्यक्षिके झाली. फाइन आर्ट्स क्वार्टेट या संचाचे चार वादक मंचावर वाजवीत असत. मध्येच ते तारांवर गज फिरवल्याचा नुसता अभिनय करू लागत आणि आवाज स्पीकरमधून येई. हा बदल नेमका कुठे झाला, ते अनेक श्रोत्यांना ओळखता येत नसे. अशा प्रयोगांकडे जरा सावधपणे पाहायला हवे हे खरे, कारण १९१५ पासून एडिसनची कंपनीही असेच प्रयोग करीत होती आणि त्या बिनविजेच्या यंत्रानेही सभागृहेच्या सभागृहे चकित केली होती. तिथे गायिका आपला आवाज यंत्राच्या बेताचा ठेवून गात असत. माणसाने यंत्राशी राखलेल्या या निष्ठेला काय नाव द्यावे?

आकडे मात्र बऱ्याच अंशी दुसऱ्या घराण्याच्या बाजूचे आहेत. एखादा बरा अ‍ॅम्प्लिफायर २० ते २०,००० हर्ट्‌झ या संपूर्ण श्राव्य पट्ट्यात अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त डगमगत नाही, आणि त्याची विकृती टक्क्याच्या दहाव्या किंवा शंभराव्या भागात मोजावी लागते. स्पीकर तीन डेसिबल खालीवर झाला तरी तो चांगला समजला जातो, आणि खालच्या सुरांत जोराने वाजवला की त्याची विकृती काही टक्क्यांवर सहज जाते. याचे कारण उघड आहे. खाचेतल्या नागमोडी वळणांची जिथे वीज होते आणि विजेचा जिथे पुन्हा हवेतला आवाज होतो, तिथे खरी घसरण असते. मधला पल्ला विजेचा विजेतच पार पडतो, म्हणून तो सोपा. १९८०च्या दशकात पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरातून सुटे भाग आणून स्थानिक कारागीर अ‍ॅम्प्लिफायर जुळवून देत. त्यांतले काही आजही इमानाने वाजतात. चांगला स्पीकर तितक्या सहजपणे जुळत नसे.

शिवाय या टोकाचे अवघडपण स्पीकरपाशी संपत नाही. स्पीकरनंतर खोली येते. आपल्याकडच्या फ्लॅटमधली बैठकीची खोली दहा फूट बाय पंधरा फूट धरू. खोलीची प्रत्येक लांबी म्हणजे एक प्रकारची तारच असते. तिचेही स्वतःचे सूर ठरलेले असतात. पंधरा फुटांच्या लांबीचा पहिला सूर सुमारे ३७ हर्ट्‌झचा आणि दुसरा सुमारे ७५ हर्ट्‌झचा. आता पांढरी दोनमध्ये गाणाऱ्या गायकाचा तंबोरा घ्या. त्याच्या खर्जाच्या तारेचा सूर ७३ हर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे खोलीच्या त्या दुसऱ्या सुराच्या अगदी शेजारी. परिणाम असा होतो, की भिंतीला टेकलेल्या दिवाणावर बसले तर खर्ज घुमतो, आणि त्याच भिंतीपासून चारएक फूट पुढे सरकून बसले तर तोच खर्ज जवळजवळ नाहीसा होतो. खालच्या सुरांत असा दहा डेसिबलचा किंवा त्याहूनही मोठा फरक लहान खोल्यांत नेहमीचा आहे. अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्ध्या डेसिबलसाठी हुज्जत घालणाऱ्याने आपली खुर्ची फूटभर सरकवून पाहावी.

आता प्रश्न असा, की खोल्या इतक्या दगाबाज असूनही, आणि लहानपणी ज्या तळहाताएवढ्या ट्रान्झिस्टरवर आपण गाणे ऐकले त्यात असला खर्ज निघणे अशक्य असूनही, आपल्याला तंबोरा तंबोऱ्यासारखा ऐकू कसा आला? याचे अर्धे उत्तर वाद्यात आहे. १९२१ साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक टिपण लिहिले. तार ज्या बिंदूवर छेडली, तिथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा यंग आणि हेल्महोल्ट्‌झ यांच्या नावाचा नियम आहे. तंबोरा आणि वीणा हा नियम जुमानत नाहीत, असे रामन यांनी दाखवले. घोडीचा पसरट वक्र माथा आणि तंबोऱ्यातला जवारीचा दोरा यांमुळे तारेतून उपस्वरांचा असा काही मोहोर फुटतो, की मूळ स्वरापेक्षा त्यांचाच बडिवार जास्त. खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा त्यांतलाच एक.

उरलेले अर्धे उत्तर कानात आहे. एकाच मूळ स्वराचे उपस्वर कानी पडले, की मूळ स्वर प्रत्यक्षात हजर नसला तरी मेंदू त्यांच्यावरून तो बांधून घेतो. लहानशा ट्रान्झिस्टरमधून आपण जो खर्ज ऐकला, तो त्यातून निघालेलाच नव्हता; तो आपणच पुरवला होता. काव्यशास्त्राने ‘सहृदय’ म्हणून ज्याचा गौरव केला, त्या रसिकाकडे कवीने न लिहिलेले ऐकण्याची जी शक्ती असते, तिचे हे शारीर रूप म्हणावे काय? उपमा फार ताणू नये, हे कळते. पण दोन्ही घराण्यांच्या वादात ज्याचे नावच निघत नाही असा चौथा घटक संचात असतो, आणि तो बाजारात विकत मिळत नाही, एवढे तरी यातून दिसते.

मी हा विचार ज्या कारणाने करू लागलो, ते आता सांगायला हवे. माझ्या वडिलांनी मागे ठेवलेल्या तबकड्या घरात आहेत: ७८ गतीच्या नव्वदेक आणि एल.पी. शंभरावर. अब्दुल करीम खाँ, केसरबाई केरकर, हिराबाई बडोदेकर, सुरेशबाबू माने, अमीर खाँ. या तबकड्यांची आजची श्रोती मुख्यतः माझी आई. ती ऐंशीच्या पुढे आहे. लग्नाआधी आठ वर्षे गाणे शिकली होती. दोन-तीन वर्षांपासून ती म्हणू लागली होती, “गातायत छान, पण म्हणतायत काय ते कळत नाही.” आवाज वाढवला की म्हणे, “अरे, कानठळ्या बसतात.” कमी केला की पुन्हा तेच.

कानाच्या डॉक्टरांनी काढलेला आलेख पाहिल्यावर उलगडा झाला. वयोमानाने ऐकू येणे कमी होते ते सरसकट नव्हे. वरच्या कंपनसंख्यांचे ऐकणे आधी जाते. आईचा आलेख २,००० हर्ट्‌झपर्यंत बराचसा सपाट होता आणि पुढे उतारावरून घसरल्यासारखा खाली गेला होता. माणसाच्या बोलण्यात अ, आ, इ, उ यांचे बळ मुख्यतः खालच्या पट्ट्यात असते, आणि स, श, ट, त, क, थ यांना एकमेकांपासून वेगळे करणारी खूण वरच्या पट्ट्यात असते. म्हणजे म्हातारपण व्यंजने काढून घेते आणि स्वर ठेवते. ‘स्वर’ या एकाच शब्दाने व्याकरण आणि संगीत या दोन्ही शास्त्रांनी आपला गाभा दाखवावा, हा योगायोग मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. तो असा घरात समोर येऊन बसेल, असे वाटले नव्हते. आकारातली आलापी आईला पूर्वीइतकीच स्वच्छ ऐकू येत होती. हरवली होती ती बंदिश.

श्रवणयंत्र तिच्याकडे आहे आणि बोलण्यासाठी त्याचा उपयोगही होतो. गाण्याला मात्र ते नडते. श्रवणयंत्राची स्वतःची शिट्टी वाजू नये म्हणून त्यात लांबलेले, स्थिर सूर ओळखून दाबण्याची सोय असते. तंबोऱ्याचा अखंड सूर त्याला शिट्टीच वाटतो आणि ते त्याच्याशी झगडू लागते. काही यंत्रांत संगीतासाठी वेगळी योजना असते. आईच्या यंत्रात ती नाही. गाणे ऐकताना ती यंत्र काढून पदराच्या गाठीत बांधून ठेवते.

आमच्या महाविद्यालयातले पदार्थविज्ञानाचे एक प्राध्यापक माझे मित्र आहेत. ते कट्टर ‘उगम आधी’वाले. त्यांचा सल्ला असा होता, की उत्तम रेकॉर्ड प्लेअर घ्यावा. सुई सुधारली की शब्द सुधारतील. त्यात तथ्य होतेच. ७८ गतीच्या तबकडीची खाच रुंद. तिला सुमारे ०.००३ इंच त्रिज्येच्या टोकाची सुई लागते, आणि एल.पी.ची सुई तिच्या चौथ्या हिश्शाएवढी. एल.पी.ची सुई ७८च्या खाचेत घातली तर ती तळाशी खडखडत राहते. ही वेगळी सुई आम्ही घेतली आणि तिने मोठा फरक पडला. पण त्यापुढे उगमावर हजारो रुपये घालून काय हाती येणार होते? १९२५ मध्ये विजेवरचे ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वी कर्ण्यासमोर मुद्रित झालेल्या तबकड्यांत २,५०० हर्ट्‌झच्या वरचे फारसे काही नाहीच. नंतरच्या तबकड्यांत आहे, पण जे आहे ते तिथे कायमचे कोरले गेले आहे. ही प्रत आता कुणी एकनाथ शुद्ध करू शकत नाही.

उलट दुसऱ्या टोकाला एक गोष्ट हाताशी होती, आणि तीही खर्च वाढवणारी नव्हती. स्टीरिओ एल.पी. बाजारात आल्या १९५८च्या सुमारास. आपल्याकडे त्यानंतरही बरीच वर्षे मोनो तबकड्या निघत राहिल्या. वडिलांचा संग्रह बहुतेक सगळा मोनो आहे. मोनो मुद्रण दोन स्पीकरांतून वाजवले, की गायक दोघांच्या मधोमध, जिथे कुणीच नाही तिथे, बसल्यासारखा भासतो. या भासाची किंमत असते. प्रत्येक स्पीकरचा आवाज दोन्ही कानांना पोचतो, दूरच्या कानाला सेकंदाच्या सुमारे चार हजाराव्या भागाइतका उशिरा. आणि या उशिरामुळे नेमका २,००० हर्ट्‌झच्या आसपास आवाजात खड्डा पडतो. कॅनडातील फ्लॉइड टूल यांनी स्पीकर पडद्याआड ठेवून श्रोत्यांच्या चाचण्या घेतल्या आणि या विषयावर विस्ताराने लिहिले. या खड्ड्याने शब्द कळण्याला बाध येतो, हे त्यांनी नोंदवले आहे. खोलीच्या भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाने तो थोडाफार भरून निघतो. पण ज्या कानांचा उतार तिथूनच सुरू होतो, त्यांच्या वाटेत हा खड्डा हवाच कशाला?

म्हणून एकच स्पीकर लावला. लहान पेटीचा, मानवी आवाजाच्या पट्ट्यात सरळ वागणारा. १९७०च्या दशकात बी.बी.सी.ने बाह्यप्रक्षेपणाच्या गाड्यांत बसवण्यासाठी एल.एस. ३/५ए नावाचा फूटभर उंचीचा स्पीकर घडवला होता. बोलण्याचा आवाज नीट पारखता यावा हा त्याचा एक मुख्य हेतू. आमच्यासमोर तोच नमुना होता. स्पीकर आईच्या खुर्चीपासून साडेतीन फुटांवर, तिच्या कानाच्या उंचीवर, भिंतीपासून सुटा. अंतर निम्मे केले की थेट येणारा आवाज सहा डेसिबलने वाढतो आणि खोलीचा वाटा तेवढ्याने मागे पडतो. मुळातला आवाज वाढवावा लागत नाही, म्हणून कानठळ्याही नाहीत. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर मोनोची कळ होती. ती दाबल्याचा आणखी एक फायदा झाला: या तबकड्यांत गाणे असते ते खाचेच्या आडव्या वळणांत, सुईच्या खालीवर होण्यातून येणारी खरखर दोन्ही वाहिन्या एकत्र केल्या की परस्परांत विरून जाते.

याच सुमारास केसरबाईंच्या भैरवीची गोष्ट वेगळ्या अर्थाने मनात आली. १९७७ साली व्हॉयेजर यानांसोबत जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तीवर केसरबाईंची भैरवी आहे; यान निघाल्यावर काही दिवसांतच, सप्टेंबरमध्ये, केसरबाई गेल्या. त्या तबकडीसोबत ती वाजवण्यासाठी सुई आणि सूचना पाठवल्या आहेत. स्पीकर पाठवलेला नाही. ते रास्तच आहे. ऐकणारा कोण, त्याला कान आहेत की नाहीत, तो हवेत राहतो की आणखी कशात, काहीच ठाऊक नसताना उगम तेवढा जपून द्यायचा, बाकीचे त्याच्यावर सोपवायचे. ‘उगम आधी’ हे तत्त्व मला तिथे पूर्णपणे पटते. श्रोता अज्ञात असतो तेव्हा तेच खरे. घरात मात्र श्रोता अज्ञात नसतो. त्याची खुर्ची ठरलेली असते, त्याच्या कानांचा आलेख टेबलाच्या खणात असतो. मग संच त्याच्याकडून उलट्या क्रमाने बांधत यावा: आधी कान, मग खुर्ची, मग स्पीकर, आणि उगम शेवटी.

फरक किती पडला? आईच्या ओळखीच्या बंदिशींचा शब्द न् शब्द ती आता सांगते, कधी ओठांनी सोबतही करते. यात स्पीकरचे श्रेय किती आणि स्मृतीचे किती, हे वेगळे काढता येत नाही. हजर नसलेला खर्ज कान जसा उपस्वरांवरून बांधतो, तशीच ती हरवलेली व्यंजने साठ वर्षांपूर्वीच्या शिकवणीवरून बांधत असणार. म्हणून मुद्दाम तिने कधीच न ऐकलेली एक तबकडी लावून पाहिली. तिने ती बाजू तीनदा लावायला सांगितली. तिसऱ्यांदा अंतरा संपला तेव्हा एक शब्द सोडून सगळी बंदिश तिने म्हणून दाखवली. त्या एका शब्दाचे काही जमले नाही. माझ्या मित्राचे म्हणणे, तिथे तबकडीच झिजली आहे. असेलही. कारण तो शब्द मलाही लागला नाही.

स्पीकर दुकानात जोडीनेच मिळतात. एक द्या म्हटले तर दुकानदार हसतो. दुसरा खोक्यात घालून माळ्यावर ठेवला आहे. माझे वय पाहता तो तिथे फार वर्षे राहील असे वाटत नाही.